त्वचेवरील डाग आणि लेझर उपचार

चेहऱ्यावरील प्रत्येक डाग लेझरने जात नाही. संत्राबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर भागात उन्हात राबणाऱ्यांनी या खर्चिक उपचारापूर्वी डागाचे निदान करून घेणे हिताचे असते.

लेझरचा क्षणार्धाचा प्रकाशझोत त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य फोडतो आणि शरीर त्याचा हळूहळू निचरा करते. हे तत्त्व अमेरिकेतील अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. लहान तपकिरी ठिपक्यांवर, म्हणजे फ्रेकल्सवर, त्याचा सहसा चांगला परिणाम होतो. मात्र सावळ्या त्वचेत मुळातच मेलॅनिन अधिक असल्याने भाजण्याचा किंवा डाग गडद होण्याचा धोका असतो. म्हणून तेथे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेझर तुलनेने सुरक्षित मानले जाते.

वांगाचे डाग वेगळे असतात. गर्भारपण, संप्रेरके आणि ऊन ही त्यांची प्रमुख कारणे. लेझरनंतरही ते परततात, प्रसंगी वाढतातही. त्यामुळे उन्हापासून बचाव आणि त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम हाच त्यांवरील पहिला उपचार होय. स्टेरॉइडयुक्त मलमे परस्पर आणून लावू नयेत. आकार किंवा रंग बदलणारा तीळ लेझरपूर्वी अवश्य तपासून घ्यावा.