कुत्र्याच्या यकृतातला कोल्लिडम

आजचा भाग कुंभकोणमहून. एकेकाळी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यातलं हे गाव. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी कावेरी फुटते; फाट्यांचे कालवे, कालव्यांचे पाट होत पाणी भाताच्या खाचरांत जिरतं. पूर आला की जास्तीचं पाणी कोल्लिडम नदीत सोडतात, ते समुद्राकडे जातं. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण बोलायचंय कुत्र्याच्या यकृताबद्दल.

बाकीच्या शिरा रक्त गोळा करत हृदयाकडे जातात. आतड्यांकडून येणारी पोर्टल शीर मात्र यकृतात शिरून पुन्हा फुटते, कावेरीसारखी. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश हिच्यातून येतं, उरलेलं धमनीतून.

हा रस्ता बंद केला तर? १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक (हे त्यांचं आडनाव, आकडा नव्हे) या लष्करी शल्यविशारदांनी कुत्र्यांची पोर्टल शीर थेट मोठ्या महाशिरेला जोडली आणि यकृताकडचं तोंड बांधलं. पोटात पाणी साठणाऱ्या रोग्यांसाठी हा उपाय चालेल, अशी त्यांना आशा होती. आठ कुत्री होती. सात आठवड्याभरात गेली. आठवं अडीच महिने जगलं आणि प्रयोगशाळेतून पळालं! तेवढ्यावर एक यांनी शस्त्रक्रिया शक्य असल्याचं लिहून टाकलं. मला त्या आठव्या कुत्र्याचं पुढे काय झालं असेल, हा विचार फार छळतो.

कारण १८९३ मध्ये पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच केलं, तेव्हा जगलेली कुत्री मांस खाल्लं की चिडखोर व्हायची, झोकांड्या खायची, आंधळ्यासारखी वागायची, शेवटी बेशुद्ध पडायची. प्रथिनांतून होणाऱ्या अमोनियाचं यकृत एरवी युरिया करतं. इथे रक्त यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोचत होतं.

काही पिल्लं असा वळसा घेऊनच जन्मतात. गर्भात यकृतातून एक आडवाट असते, ती जन्मानंतर काही दिवसांत बुजते. मोठ्या जातींच्या काही कुत्र्यांत ती उघडीच राहते. यॉर्कशायर टेरियरसारख्या छोट्या जातींत वळसा बहुधा यकृताबाहेर असतो.

आमच्या गल्लीतलं लॅब्रेडॉरचं पिल्लू खाऊन झालं की भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं. कित्येक महिने त्याला फेफऱ्याच्या गोळ्या चालू होत्या. पूर्वी अशी वाट शोधायची तर पोट उघडून, आतड्याच्या शिरेत औषध सोडून एक्स-रे काढावा लागे. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याचं डोकं तपासलं, आणि कालांतराने ते यंत्र कुत्र्यांच्याही वाट्याला आलं. आता भूल द्यायची, पायाच्या शिरेत आयोडीनचं औषध सोडायचं. आधी धमनी उजळते, मग पोर्टल शीर.

चेन्नईत काढलेली ती चित्रं मी पाहिली. यकृताच्या डाव्या भागातून एक जाड वाट थेट महाशिरेला मिळत होती. पण शल्यविशारदाचं लक्ष दुसरीकडे असतं: बाकीच्या फांद्या किती बारीक राहिल्यात? हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाट गाळाने भरलेले असताना कोल्लिडमची दारं एकदम पाडली, तर बांध फुटणारच. म्हणून आडवाट हळूहळू बंद करतात.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर पिल्लाला मांस बंद. दहीभात आणि लॅक्ट्युलोजचं सिरप. दहीभात ते आवडीने खातं, कुंभकोणमचंच आहे शेवटी.