संत देवसहायम : लाभाविना जपलेली श्रद्धा

दरवर्षी १४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत देवसहायम ह्यांचा सण साजरा करते. भारतातून संतपदाचा मान मिळालेले ते पहिले प्रापंचिक होत. ते ना धर्मगुरू होते, ना व्रतस्थ. ते एका राजाच्या पदरी चाकरी करणारे विवाहित गृहस्थ होते. आपल्या घराशेजारची माणसे जशी असतात, तसेच. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबाने वाचावे, ह्या हेतूने आम्ही येथे त्याची संक्षिप्त ओळख करून देत आहोत.

बालपण आणि राजसेवा

देवसहायम ह्यांचे मूळ नाव नीलकंठ पिळ्ळै. त्यांचा जन्म २३ एप्रिल १७१२ रोजी नट्टालम ह्या गावी झाला. हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात मोडत असे. आज ते तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील ब्राह्मण होते आणि मंदिरात पौरोहित्य करीत. आई नायर समाजातील होती. घरी सुबत्ता होती, शेतीवाडी होती, समाजात मान होता. मुलाला त्या काळच्या रीतीप्रमाणे उत्तम शिक्षण आणि शस्त्रविद्या मिळाली. पुढे ते पद्मनाभपुरम येथे राजा मार्तंड वर्मा ह्यांच्या सेवेत रुजू झाले आणि आपल्या कर्तृत्वाने राजाच्या मर्जीतील अधिकारी बनले. भार्गवी अम्मा ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळाची आपल्याला नीट कल्पना यावी म्हणून एक गोष्ट नमूद करतो. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला आणि आपल्याकडील पोर्तुगीज सत्ता संपली. राजाश्रय गेला, तरी येथील ख्रिस्ती समाज आपल्या जमिनीवर आणि आपल्या श्रद्धेवर टिकून राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७४१ साली, दक्षिणेत कोलाचेलच्या किनाऱ्यावर मार्तंड वर्मांच्या सैन्याने डच ईस्ट इंडिया कंपनीचा पराभव केला. ह्या लढाईत पकडल्या गेलेल्या अधिकाऱ्यांत युस्टाशियस द लॅनॉय हा एक कॅथलिक होता. राजाने त्याचे गुण हेरले आणि कैद्याला आपल्या सैन्याचा शिक्षक केले. उदयगिरीच्या किल्ल्याचे बांधकाम आणि सैन्याची नवी घडी बसविण्याचे काम त्याच्याकडे आले. ह्याच निमित्ताने नीलकंठ पिळ्ळै आणि द लॅनॉय एकमेकांच्या सहवासात आले आणि त्यांची मैत्री जमली.

संकट आणि ईयोबाची कथा

त्या दिवसांत नीलकंठ ह्यांच्यावर एकामागून एक आपत्ती कोसळल्या. गुरेढोरे दगावली, पीक बुडाले, मालमत्तेची हानी झाली. ज्याला सर्व काही मिळालेले असते, त्याला ते हातातून निसटू लागले की आपले काय चुकले हेच उमगत नाही. नीलकंठ ह्यांची अवस्था तशीच झाली. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून द लॅनॉय ह्यांनी विचारपूस केली आणि मित्राला पवित्र शास्त्रातील ईयोबाची कथा सांगितली.

ईयोबाचा ग्रंथ आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या आरंभी सैतान परमेश्वरापुढे एक आक्षेप घेतो : ईयोब भक्त आहे तो सुखात आहे म्हणून, त्याचे सुख काढून घेतले की त्याची भक्तीही जाईल. पुढचा सारा ग्रंथ ह्या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. ईयोबाची संपत्ती गेली, मुले गेली, आरोग्य गेले. तो रडला, भांडला, त्याने देवाला जाब विचारला. परंतु त्याने देवाला सोडले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तू ख्रिस्ती हो, म्हणजे तुझी गुरे परत मिळतील,’ असे आश्वासन द लॅनॉय ह्यांनी मित्राला दिले नाही. त्यांनी त्याला एक अशी कथा सांगितली, जिच्यात नीतिमान माणसालाही दुःख चुकत नाही. नीलकंठ ह्यांच्या अंतःकरणाला भिडले ते नेमके हेच. त्यांच्यासाठी देव हा हानीची भरपाई करणारा सावकार राहिला नाही. हानी झाली तरीही ज्याला सोडू नये, असा तो एक झाला.

बाप्तिस्मा आणि नवे जीवन

त्यानंतर नीलकंठ ह्यांनी ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे शिक्षण घेतले. १४ मे १७४५ रोजी वडक्कनकुळम येथे येशूसंघीय धर्मगुरू फादर जोव्हानी बत्तिस्ता बुत्तारी ह्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. त्यांनी ‘लाझरस’ हे नाव स्वीकारले. ‘देव माझा साहाय्यकर्ता’ हा त्या नावाचा मूळ अर्थ. त्याचेच तामिळ रूप देवसहायम. मराठी वाचकाला ह्या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे त्यांच्या पत्नीनेही बाप्तिस्मा घेतला. तिचे नाव तेरेजा ठेवण्यात आले, तामिळमध्ये ज्ञानपू.

बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावरून ओघळून गेले आणि सारे पूर्ववत झाले, असे मात्र घडले नाही. देवसहायम ह्यांच्या वागण्यात परिवर्तन दिसू लागले. त्या काळी त्रावणकोरमध्ये जातिभेद अत्यंत कडक होता. कोणी कोणापासून किती अंतरावर उभे राहावे, ह्याचेही नियम होते. देवसहायम मात्र सर्व माणसे समान आहेत असे सांगू लागले. सांगून थांबले नाहीत. ज्यांना समाजाने दूर ठेवले होते, त्यांच्यात ते मिसळू लागले, त्यांच्यासोबत भोजन करू लागले. उच्चपदस्थांना त्यांचे ख्रिस्ती होणे कदाचित खपले असते. परंतु दरबारातील एका अधिकाऱ्याने जातीची उतरंड मोडावी, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांच्याविरुद्ध तक्रारी होऊ लागल्या. राजद्रोहासारखे गंभीर आरोप ठेवण्यात आले आणि २३ फेब्रुवारी १७४९ रोजी त्यांना अटक झाली.

तीन वर्षांची अग्निपरीक्षा

ह्यानंतरचा जवळजवळ तीन वर्षांचा काळ त्यांनी बंदिवासात काढला. परंपरेने जपलेल्या वृत्तान्तानुसार त्यांना म्हशीवर उलटे बसवून गावोगाव फिरविण्यात आले, फटके मारण्यात आले, जखमांना मिरचीची पूड चोळण्यात आली आणि उन्हात बांधून ठेवण्यात आले. हे सारे चारचौघांत होत असे. इतरांनी त्यांच्या वाटेने जाऊ नये, असा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात मात्र उलटे झाले. ज्या ठिकाणी त्यांना बांधून ठेवीत, तेथे लोक येऊ लागले. कोणी त्यांचे बोलणे ऐकायला, कोणी प्रार्थनेची याचना करायला, तर कोणी नुसतेच पाहायला येई.

अखेर त्यांना आरल्वायमोळीजवळच्या अरण्यात नेण्यात आले. १४ जानेवारी १७५२ रोजी तेथील काट्टाडीमलै ह्या टेकडीवर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा वयाची ४० वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचे अवशेष गोळा करून कोट्टार येथील संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या चर्चमध्ये वेदीपुढे पुरण्यात आले. आज हे चर्च कोट्टार धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. दूरदूरचे भाविक तेथे आणि त्या टेकडीवर दर्शनाला येतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. बाप्तिस्म्यापासून मृत्यूपर्यंत देवसहायम ह्यांना ख्रिस्ती जीवन लाभले ते सुमारे पावणेसात वर्षांचे. त्यातील जवळजवळ तीन वर्षे बेड्यांत गेली. ईयोबाला शेवटी गेलेले सारे दुपटीने परत मिळाले, असे शास्त्र सांगते. देवसहायम ह्यांना त्यांची गुरे, शेते, पद, प्रतिष्ठा ह्यांपैकी काहीही परत मिळाले नाही. उरलेसुरले होते तेही गेले. ज्या कथेने त्यांना ख्रिस्ताकडे नेले, तिचा गोड शेवट ह्या जगात त्यांच्या वाट्याला आला नाही. तरीही त्यांनी तक्रार केली नाही की वाट बदलली नाही.

लोकश्रद्धेपासून संतपदापर्यंत

देवसहायम ह्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १७५६ साली, कोचीनच्या बिशपांनी त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तान्त रोमला कळविला होता. परंतु धर्मसभेचा अधिकृत निर्णय यायला बराच काळ जावा लागला. मधली अडीचशे वर्षे त्यांची आठवण जतन केली ती साध्या भाविकांनी. २०१२ च्या जून महिन्यात पोप बेनेडिक्ट १६ वे ह्यांनी त्यांचे हौतात्म्य मान्य करणाऱ्या आदेशाला संमती दिली. २ डिसेंबर २०१२ रोजी नागरकोविल येथे त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममध्ये त्यांना आणि अन्य नऊ जणांना संतपद बहाल केले. त्यावेळी त्यांच्या नावातील ‘पिळ्ळै’ हे जातिवाचक उपपद वगळण्यात आले. ज्याने जातीची उतरंड मोडण्यासाठी प्राण वेचले, त्याच्या नावाला जात चिकटून राहू नये, हे उचितच झाले. २०२५ साली त्यांना भारतातील प्रापंचिकांचे आश्रयदाते संत म्हणून मान्यता मिळाली.

त्रावणकोरच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांनी ह्या घटनेविषयी वेगळे मत मांडले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. देवसहायम ह्यांना झालेली शिक्षा धर्मांतरासाठी नव्हती, ती राजद्रोहासाठी होती. मार्तंड वर्मांच्या राज्यात ख्रिस्ती लोक राहत होते आणि त्यांचा छळ झाला नाही, असे ते म्हणतात. द लॅनॉय स्वतः कॅथलिक असून शेवटपर्यंत राजाच्या विश्वासात राहिले, ही वस्तुस्थिती आहे. ख्रिस्तसभेने उपलब्ध पुरावे आणि परंपरा तपासून ‘श्रद्धेच्या द्वेषातून आलेला मृत्यू’ असा निर्वाळा दिला आहे. आम्ही हा निर्वाळा श्रद्धेने स्वीकारतो. परंतु ह्या कथेचा उपयोग कोणत्याही समाजावर दोषारोप करण्यासाठी होऊ नये, असेही आम्हाला मनापासून वाटते. देवसहायम ह्यांनी स्वतः कोणाचा द्वेष केला नाही.

आपल्यासाठी बोध

आज धर्मांतर हा शब्द उच्चारला की ‘आमिष’ हा शब्द मागोमाग येतो. कोणी पैशासाठी, नोकरीसाठी, शिक्षणासाठी धर्म बदलतो असे म्हटले जाते. ह्या आरोपाला देवसहायम ह्यांचे जीवन हे फार मोठे उत्तर आहे. त्यांना ख्रिस्ती होऊन काय मिळाले? बेड्या, फटके आणि गोळ्या. आपल्या राज्यघटनेने २५ व्या कलमात प्रत्येक नागरिकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्याची किंमत काय असू शकते, हे घटना येण्यापूर्वी दोनशे वर्षे ह्या माणसाने दाखवून दिले.

परंतु प्रिय वाचकहो, हाच प्रश्न उलटून आपल्याला विचारला तर? पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या आपली श्रद्धा आमिषाविना आहे काय? धर्मगुरू म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडून आम्ही ऐकतो : ‘फादर, आम्ही रोज रोझरी करतो, रविवारची मिस्सा चुकवत नाही, तरी आमच्याच वाट्याला हे का?’ ह्या प्रश्नामागचे दुःख खरे आहे. त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ईयोबानेही हाच प्रश्न विचारला होता. मात्र त्या प्रश्नात कधी कधी एक छुपा करार दडलेला असतो : मी प्रार्थना देतो, देवा, तू मला सुख दे. करार मोडला, असे वाटले की आपण देवाला मोडीत काढतो.

ऐहिकता आपल्या घरात अशी शिरते. ती श्रद्धेला हाकलून लावत नाही, तिला नोकरीस ठेवते. जमिनीला भाव आला की देव पावला असे आपण म्हणतो. व्यवहार फिसकटला की देव रुसला असे म्हणतो. नव्या घराला आशीर्वाद मागतो; त्याच घरावरून भावाभावांत बोलणे बंद झाले तर मात्र ते धर्मगुरूंच्या कानावर घालत नाही. देवसहायम ह्यांचे परिवर्तन खरे होते, ह्याचा पुरावा त्यांच्या जेवणाच्या पंगतीत दिसला. आपल्या परिवर्तनाचा पुरावाही आपल्या पंगतीत, आपल्या वाटणीपत्रात आणि आपल्या पैशाच्या पाकिटात शोधला जाईल.

आपल्या वसईच्या मातीनेही हा धडा पूर्वीच दिला आहे. संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी चांगला चाललेला व्यापार सोडून फ्रान्सिस्कन बंधूचा झगा पत्करला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पण केले. एक जन्माने ख्रिस्ती, दुसरा परिवर्तनाने. एक व्यापारी, दुसरा अधिकारी. दोघांनाही हातातले सोडून द्यावे लागले, आणि दोघांनीही ते सोडले.

बेड्या आणि गोळ्या बहुधा आपल्या वाट्याला येणार नाहीत. आपली परीक्षा लहान असते : आजारपण, कर्ज, बेकारी, मुलांचे दुरावणे, न मिळालेले उत्तर. त्या दिवशी करार मोडल्याची तक्रार करण्याऐवजी आपल्या ओठी दोनच शब्द यावेत, अशी प्रार्थना आपण ह्या संताच्या मध्यस्थीने करू या. ते दोन शब्द त्याच्या नावातच आहेत : देव सहाय.