सडणाऱ्या सुताचा कायदा

रायगडच्या किनाऱ्यावरील मासेमारीचा इतिहास सांगायला बसले की गोष्ट हमखास होडीपासून सुरू होते. आधी शिडाची होडी, मग 1950 नंतर हळूहळू आलेली इंजिने, मग ट्रॉलर, मग पर्ससीन आणि अखेर रात्री समुद्रात दिवे पाजळून केलेली मासेमारी. ही मांडणी खोटी नाही. पण तिच्यात मासा प्रत्यक्ष धरणारी वस्तू, म्हणजे जाळे, आणि ते ज्याचे विणले जाते ते सूत, दोन्ही कोपऱ्यात पडून राहतात. मला त्या सुताची बाजू मांडायची आहे. रेवस-मांडव्यापासून थळ, नवगाव, वरसोली, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी करत थेट श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत मासेमारी किती करावी, कधी थांबावे, एका होडीने किती जाळी बाळगावीत, यावर पिढ्यान्‌पिढ्या एक बंधन होते. ते कोणी लिहून ठेवले नव्हते. ते तागाच्या आणि कापसाच्या सडण्यातच होते. प्लास्टिकच्या धाग्याने ते बंधन काढून टाकले आणि त्या रिकाम्या जागेवर पुढे कायदा आणून बसवावा लागला, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या जाळ्याचे सगळे साहित्य शेतातून, वाडीतून आणि रानातून यायचे. भाताची कापणी झाल्यावर कोकणात तागाचे पीक घेत. त्याचा वाख काढून टकळीवर सूत कातले जाई. कोकणातला हा ताग काही फुटकळ माल नव्हता. विलायतेच्या बाजारात हिंदुस्थानी तागाच्या ज्या प्रती ठरलेल्या होत्या, त्यांत बनारस आणि जबलपूरच्या जोडीला देवगडच्या नावाची एक प्रत होती. दोर काथ्याचे असत, कारण नारळाच्या सोडणाचा धागा खाऱ्या पाण्यात इतर कुठल्याही वनस्पतीच्या धाग्यापेक्षा जास्त टिकतो आणि हलका असल्याने पाण्यावर तरंगतोही. तागाचे मात्र तसे नाही. तो ओला राहिला की जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून ऐनासारख्या झाडांच्या तुरट सालीचा काढा करून जाळी त्यात बुडवायची, वाळवायची, वापरायची आणि काही दिवसांनी पुन्हा बुडवायची. जाळ्यांचा तो तांबूस-काळसर रंग शोभेसाठी नव्हता. चामडे कमावतात तसे ते सूत कमावणे होते. 1854 मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात गिरणीचे कापसाचे सूत कोळीवाड्यांत शिरू लागले. घरातली टकळी नायलॉनमुळे बंद पडली असे जे सर्रास म्हटले जाते ते म्हणूनच पुरते खरे नाही. तिला पहिला धक्का गिरणीने दिला होता. पण कापूसही सडतो, तोही कमवावा लागतो. टकळी गेली तरी काढ्याची कढई राहिली, आणि माझ्या मुद्द्याला महत्त्व कढईचे आहे.

आता तरंगणे आणि बुडणे. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण 1.025 ग्रॅम. कापूस आणि ताग दोन्ही दीडच्या आसपास, म्हणजे भिजले की सरळ तळाकडे जाणारे. नायलॉन 1.14, म्हणजे बुडते, पण रेंगाळत. पॉलिएथिलिन 0.95, ते बुडवायला वजनच लावावे लागते. हे आकडे कोरडे वाटतील, पण जाळ्याचा सगळा स्वभाव त्यांत आहे. कोणत्या थरात जाळे उभे राहणार हे वरचे बोये आणि खालचे दगड किंवा शिसे यांच्या ओढाताणीवर ठरते आणि त्या ओढाताणीत सुताचे स्वतःचे वजन हा तिसरा भागीदार असतो. सुरमई वरच्या पाण्यात, घोळ आणि दाढा तळाजवळ. थर चुकला की मेहनत वाया. जगात इतरत्रही हाच प्रश्न होता. थंड ओढ्यांत कृत्रिम माशीने ट्राउट धरणारे इंग्रज हौशी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत रेशमाची दोरी वापरत. ती तरंगावी म्हणून तिला चरबी चोळायची, घरी आल्यावर सोडून वाळवायची. नाही तर ती पाणी पिऊन बुडायची आणि पुढे कुजायची. 1950 च्या दशकात हवेचे सूक्ष्म कण कोंडलेल्या प्लास्टिकच्या आवरणाची दोरी आली आणि ती कटकट संपली. त्या दोरीच्या निवडीवर पुस्तकांत प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. इकडे हाच प्रश्न रोजच्या पोटासाठी सोडवणाऱ्या कोळ्यांच्या सुतावर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. हौसेला लेखक मिळतो, धंद्याला मिळतोच असे नाही.

रायगडचे खास जाळे म्हणजे डोल. लांबलचक शंकूसारखी पिशवी, तोंड प्रवाहाकडे, शेवटी खोला, म्हणजे मासा साठणारे टोक. ती कुणी ओढत नाही. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ती बांधायची, वर बोये म्हणून पिंपे, आणि भरती-ओहोटीचा ओघच बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत लोटतो. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटर, भांगाला जेमतेम दीड. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे डोल भरते. अष्टमीच्या सुमारास ओघ मंदावला की ती नुसती लोंबकळते. दक्षिणेकडे भरतीची उंची कमी होत जाते. डोल रायगडच्या खाली विरळ होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून ओढायची रापण आणि लावायची जाळी पुढे येतात, त्याचे एक मोठे कारण हेच. आता या चांद्र हिशेबाशेजारी तागाचा हिशेब ठेवून पाहा. पंधरवड्यातले काही दिवस जाळे पाण्यात, काही दिवस किनाऱ्यावर. आणि नेमक्या त्याच सुटीत वाळवणे, फाटलेले सांधणे, सालीच्या काढ्यातून काढणे. चंद्राने दिलेली विश्रांती आणि सुताला लागणारी विश्रांती एकमेकींत चपखल बसल्या होत्या. पावसाळ्यात तर प्रश्नच नव्हता. नैऋत्येचा वारा, फुटणारा समुद्र आणि ओले जाळे वाळवायला ऊन नाही, अशा तिहेरी अडसराने खुल्या समुद्रातला धंदा नारळी पौर्णिमेपर्यंत आपोआप थांबे.

त्याहून मोठे बंधन संख्येचे होते. भिजलेला कापूस आणि ताग भरपूर पाणी धरतात. तेवढ्याच माणसांनी हाताने ओढायचे तर जाळ्याच्या लांबीला मर्यादा पडते. शिवाय एक पाण्यात, एक वाळत, एक सांधायला अशी गणना असल्यामुळे घरात जितकी जाळी, तितकी सगळी एकाच वेळी कामात कधीच नसत. अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये नायलॉन तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने त्याची जाळी मोठ्या प्रमाणावर बनवली, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून ती भारतीय किनाऱ्यांवर येऊ लागली. 1957 मध्ये कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली. तिथे नव्या धाग्यांच्या चाचण्या झाल्या. 1976 मध्ये स्थापन झालेल्या गरवारे-वॉल रोप्ससारख्या कंपनीमुळे जाळे आणि दोर महाराष्ट्रातच बनू लागले. नायलॉन बारीक, लवचीक, पाण्यात कमी दिसणारे. पापलेट-सुरमईच्या जाळ्यांत त्याने मासा जास्त लागला यात नवल नाही. पण माझ्या मते खरा फरक त्याच्या न सडण्यात होता. वाळवायची सक्ती गेली, म्हणून घरातले प्रत्येक जाळे रोज पाण्यात जाऊ शकले. पॉलिएथिलिन तर पाणी शोषतच नाही, म्हणून तेवढ्याच हातांना जास्त लांबीचे जाळे ओढता आले. होडी तीच, माणसे तीच धरली तरी समुद्रातले जाळे वाढले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे इंजिनाने केले, सुताने नाही. ट्रॉलरच्या बाबतीत मी तो मान्य करतो. युरोपात वाफेचे ट्रॉलर वनस्पतींच्या धाग्यांचीच जाळी ओढत समुद्राचा तळ खरवडत होते. तिथे प्लास्टिकची गरज पडली नाही. पण डोलीच्या बाबतीत आक्षेप लंगडा पडतो. डोल जागची हलत नाही. इंजिन कोळ्याला खुंटापर्यंत लवकर नेते, दूरच्या जागी खुंट ठोकू देते, मासळी बंदरावर ताजी पोचवते. मासा धरण्याचे काम मात्र ओघ आणि सूतच करतात. इंजिनाने डोलीचा पल्ला बदलला, सुताने तिची संख्या आणि मुक्काम बदलला. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. डोलीच्या खोल्याचा आस, म्हणजे जाळीचे भोक, तागाच्या काळातही बारीकच होता, जवळा धरायचा तर तो बारीक ठेवावाच लागतो, मग लहान पिल्ले तेव्हाही मरतच होती. जुन्या सुताला पर्यावरणाचा रखवालदार कशाला ठरवायचे? हे बरोबर आहे आणि मी तसे ठरवतही नाही. सडण्यामागे कुणाचा शहाणपणाचा हेतू नव्हता. ज्या कोळ्याला न सडणारे सूत मिळाले त्याने ते पहिल्या दिवशी घेतले, आणि त्याच्या जागी कोणीही घेतले असते. वर्षातले कितीतरी दिवस कढईपाशी घालवणे हे काही सुख नव्हे. मी म्हणतो ते एवढेच, की बंधन हेतूविना असले तरी बंधनच असते आणि ते गेल्यावर त्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

ते कोणी केले हे पुढच्या तारखा सांगतात. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. पावसाळ्यातली बंदी, जी पूर्वी वारा आणि ओलावा मिळून घालत, ती आता 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी आज्ञा आहे. पर्ससीनवर 2016 मध्ये निर्बंध आले. 2018 मध्ये राज्याने जाळ्यात सापडलेले कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा या किनाऱ्याला ती योजना परकी नाही. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान पकडण्याजोगी लांबी ठरवली गेली. यातला प्रत्येक नियम केवळ धाग्यामुळे आला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पर्ससीनचा नियम मुख्यतः लहान आणि मोठ्या धंद्याच्या भांडणातून आला. पण थांबण्याची सक्ती वस्तूकडून सरकली ती कागदाकडे आणि कागदाची अंमलबजावणी करायला गस्तीची बोट लागते. सडण्याला ती लागत नव्हती.

एक जागा अशी उरते जिथे नुसत्या कागदाचा उपयोग होत नाही: समुद्रात हरवलेले जाळे. तागाचे जाळे तुटून गेले तर काही महिन्यांत कुजून संपे. नायलॉनचे वर्षानुवर्षे मासे, खेकडे, कासवे धरतच राहते, आणि बोये शाबूत असेपर्यंत उभे राहून धरते. अलास्कात खेकड्यांच्या पिंजऱ्यांबाबत या प्रश्नावर एक उत्तर निघाले आहे. तिथे पिंजऱ्याच्या जाळीतली एक फट कापसाच्याच सुताने शिवावी असा नियम आहे. पिंजरा हरवला तर सूत सडते, फट उघडते आणि आतले खेकडे बाहेर पडतात. रायगडच्या लावायच्या जाळ्यांना हे जसेच्या तसे लागू होणार नाही, कारण इथे पिंजरा नाही आणि जाळ्याला फट ठेवून चालत नाही. पण बोया वरच्या दोराला ज्या बंदाने बांधतात तो कापसाचा ठेवता येईल. जाळे हरवले, बंद सडले, की बोये सुटून वर येतील आणि बुडणारे नायलॉन शिशासकट तळाला आडवे पडेल, तिथे त्याची धरण्याची ताकद पुष्कळच कमी होते. अडचण अर्थातच आहे: वापरातल्या जाळ्याचे बंदही सडतील आणि ते दर काही आठवड्यांनी बदलावे लागतील. सुटलेले बोये गोळा कोणी करायचे हाही प्रश्न आहे. बंद बदलायला मात्र वेगळी सवड काढावी लागणार नाही. डोलकराकडे भांगाचे दिवस अजून आहेत, आणि डोलीबरोबर लावायची जाळीही बाळगणाऱ्या घरांत ते काम त्याच दिवसांत उरकेल.