जावाचे चाक, थाळनेरची गढी

खानदेशाला समुद्र नाही. जळगाव-धुळ्याचे पाणी तापीतून सुरतेपर्यंत जाते आणि तिथे समुद्राला मिळते, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध, असे मुलांना वाटते. मग 1818 चा धडा येतो. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरची गढी इंग्रजांनी घेतली आणि खानदेश त्यांच्या ताब्यात गेला, असे आपण सांगतो. गढी घेणाऱ्या सेनापतीचे नाव होते सर थॉमस हिस्लॉप. तो इथवर आला कसा, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारले, तर गोष्ट थेट अटलांटिक महासागरात जाऊन पोचते.

1812 च्या अखेरीस हिस्लॉप 'जावा' नावाच्या युद्धनौकेतून हिंदुस्थानकडे निघाला होता. त्याला मुंबईला मोठ्या हुद्द्यावर नेमले होते. जहाजावर माणसांखेरीज मालही होता. मुंबईच्या गोदीत 'कॉर्नवॉलिस' नावाचे जहाज तयार होत होते, त्याच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रे होते. शिवाय मुंबईतच बांधायच्या एका नव्या नौकेचे नकाशे होते. जावा स्वतः मुळात फ्रेंच जहाज होते. इंग्रजांनी ते 1811 मध्ये पकडून, नाव बदलून आपल्या कामाला लावले होते. शत्रूचे जहाज जिंकले की ते दुरुस्त करून वापरायचे, ही त्या काळातली नेहमीची रीत.

29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी पडली. काही तासांत जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या. कॉन्स्टिट्यूशन स्वतःची डागडुजी करायला थोडे दूर गेले, तेवढ्या वेळात जावाच्या खलाशांनी तुटके दोर तोडून बाजूला केले आणि उरल्यासुरल्या सामानातून तात्पुरते शीड उभारायची खटपट केली. शिडाचे जहाज डोलकाठीवाचून लाकडाचा ओंडका असते, म्हणून ही घाई. पण अमेरिकन जहाज परतले आणि जावाने शरणागती पत्करली. कप्तान लॅम्बर्ट जखमांनी गेला, हिस्लॉप कैद झाला. लढाईत कॉन्स्टिट्यूशनचे सुकाणूचे चाक उडाले होते. अमेरिकनांनी जावाचे चाक काढून आपल्या जहाजाला बसवले आणि मग जावाला आग लावली. मुंबईकरता निघालेले तांबे आणि नकाशे मात्र मुंबईला पोचले नाहीत.

एका जहाजाचे चाक दुसऱ्याला बसले कसे, हा प्रश्न वर्गात जरूर घ्यावा. शिडाचे जहाज म्हणजे खरे तर दोन वस्तू असतात. एक लाकडी धड, आणि दुसरा त्यावरचा डोलकाठ्या, आडव्या काठ्या, कप्प्या, दोर आणि शिडे यांचा पसारा. धड टिकले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोर मात्र वनस्पतीच्या धाग्यांचे. डांबर पाजले तरी ऊन, मीठ आणि घासणे यांनी काही वर्षांत कुजतात. काठ्या वादळात मोडतात. म्हणून हा पसारा पहिल्यापासूनच उतरवता-चढवता येईल असा करत. कप्पीला आपण कुठल्या जहाजावर आहोत याच्याशी देणेघेणे नसते! मोडीत निघालेल्या जहाजाचे सामान उचलून दुसऱ्या जुन्या धडावर चढवणे हे गरिबीचे लक्षण नव्हते, ते चांगल्या खलाशाचे शहाणपण होते.

बुडालेल्या नकाशांची दुसरी प्रत पुढे मुंबईला आली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 1816 मध्ये काम सुरू केले आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली. नकाशा मूळ एका पकडलेल्या फ्रेंच जहाजावरून उतरवलेला, लाकूड मलबारचा साग, हात मुंबईच्या सुतारांचे, नाव श्रीलंकेतल्या बंदराचे आणि निशाण इंग्रजांचे. पण युरोपातले युद्ध संपून गेले होते. 1819 मध्ये ती इंग्लंडला पोचली आणि डोलकाठ्या उतरवून बांधून ठेवण्यात आली. 1845 नंतर तिला नव्याने सजवून समुद्रात पाठवले. मग ती शिकाऊ खलाशांचे जहाज झाली आणि 1897 मध्ये भंगारात विकली गेली.

त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाचे 'फूड्रॉयंट' हे जुने जहाज वादळात फुटले होते. त्यावर तो मुलांना खलाशीकाम शिकवणार होता. त्याने भंगारातून त्रिंकोमाली विकत घेतली, दुरुस्त केली आणि तिला फुटलेल्या जहाजाचे नाव दिले. त्या उसन्या नावाने ती 1986 पर्यंत मुलांच्या उपयोगी पडली. नंतर इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात 1990 ते 2001 अशी तिची पूर्ण दुरुस्ती झाली, मूळ नाव परत मिळाले, आणि ती आजही तिथे तरंगते आहे. निम्म्याहून बरेच जास्त लाकूड मूळचे, म्हणजे मुंबईत बसवलेलेच आहे. कॉन्स्टिट्यूशनही बॉस्टनला तरंगते आहे, पण ओकच्या त्या जहाजाचे बहुतेक लाकूड वेळोवेळी बदलावे लागले.

निगराणीतला फरक असेलच, पण लाकडातलाही आहे. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. ओल्या लाकडात ते लोखंडी खिळ्यांना खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही काळे पडून कमकुवत होते. सागातले तेलकट द्रव्य पाण्याला, वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवते, लोखंडालाही तो फारसा त्रास देत नाही, आणि ओलावा बदलला तरी तो कमी आक्रसतो. वर्गात ओक मिळणार नाही, पण हिरडा मिळेल. हिरडा पाण्यात उकळून काढा गाळून घ्या, त्यात घासलेला लोखंडी खिळा टाका आणि दुसऱ्या भांड्यात सागाचा भुसा उकळलेल्या पाण्यात तसाच खिळा ठेवा. हिरड्याचे पाणी बघता बघता काळेनिळे होईल. पूर्वी शाई करत ती याच क्रियेने. दोन्ही खिळे आठवडाभर ठेवून मुलांना तुलना करू द्यावी.

हिस्लॉप सुटला आणि 1814 मध्ये मद्रासच्या फौजेचा सरसेनापती झाला. त्रिंकोमाली पाण्यात उतरल्यावर दहाच आठवड्यांनी, 21 डिसेंबर 1817 रोजी, त्याने महिदपूरला होळकरांचा पराभव केला. तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना मिळाला. तो ताब्यात घ्यायला हिस्लॉप तापीवर उतरला. 27 फेब्रुवारी 1818 रोजी थाळनेरच्या दरवाजात बोलणी फिसकटली, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर गढीतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले गेले. 1819 मध्ये ब्रिटिश संसदेतही या फाशीबद्दल सवाल उठले. ब्राझीलजवळ शरण गेलेल्या हिस्लॉपला अमेरिकनांनी वचनावर सोडले होते, हे थाळनेरच्या संदर्भात आम्हाला आठवल्याशिवाय राहत नाही.

मुलूख हाती आला तसा त्यातला सागही दिसू लागला. जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमने 1830 मध्ये डांगवर स्वारी केली. मलबारचा साग तोडून तोडून विरळ होत चालला होता. 1842-43 मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. या डांगचा कारभार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खानदेशच्या अधिकाऱ्यांकडेच होता. झाडे राजांची, कुऱ्हाड ठेकेदाराची आणि जहाज तिसऱ्याचे. त्या पट्ट्यांपोटी राजांना ठरावीक रक्कम मिळे. आहव्याला होळीच्या आधी भरणाऱ्या डांग दरबारात त्यांच्या वंशजांना आजही मानधन दिले जाते.