लाकडी रोलर कोस्टर : गाडी आणि प्रवासाचा दर्जा

लाकडी रोलर कोस्टरचा रूळ फळ्यांच्या थरांवर पोलादी पट्टी ठोकून बनवतात. प्रवासात हादरे बसले की दोष बहुधा या रुळाला दिला जातो. गाडीचा वाटा मात्र दुर्लक्षित राहतो, आणि तो मोठा असतो. 'फिलाडेल्फिया टोबोगन' कंपनीच्या (स्थापना १९०४) प्रचलित डब्यात बाकांच्या दोन किंवा तीन ओळी असतात. पुढच्या व मागच्या चाकांत अंतर असल्याने हा लांब, ताठ डबा तीव्र वळणाशी जुळत नाही. चाके आडवी घासतात, डबा डावी-उजवीकडे आपटतो. त्याने रूळ बिघडतो आणि बिघडलेला रूळ पुढच्या प्रत्येक फेरीला अधिक खडबडीत करतो. 'ग्रेट कोस्टर्स' कंपनीच्या 'मिलेनियम फ्लायर' गाडीत डब्यागणिक एकच ओळ असते. आखूड डबे सांध्यांनी जोडलेले असल्यामुळे गाडी वळणाबरोबर वळते.

तरीही गाडी हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. फ्लोरिडातील टँपा येथील 'ग्वाझी' (१९९९) या जोड-कोस्टरवर २०११ मध्ये 'मिलेनियम फ्लायर' आणल्या गेल्या, पण २०१५ मध्ये तो बंद झाला. २०२२ मध्ये तो 'आयर्न ग्वाझी' या नावाने, पोलादी रुळासह पुन्हा सुरू झाला.