तारांकनाचा प्रवास : शोधयंत्राच्या स्कीमातील वाइल्डकार्ड व रकान्यांची नक्कल

प्रस्तावना :
तालिकापत्रांच्या काळात ग्रंथालयात एकाच ग्रंथासाठी लेखक, शीर्षक व विषय यांची स्वतंत्र पत्रे लिहिली जात. संगणकीय शोधयंत्रात हीच नक्कल बहुधा उलट दिशेने होते. अनेक रकान्यांतील मजकूर एका रकान्यात आणला जातो. अपाचे सोलर या शोधयंत्राच्या आधारे या पद्धतीचा व तीतील तारांकन (*) चिन्हाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

तारांकनाची पूर्वपीठिका :
अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात पुनरावृत्ती दर्शविण्यासाठी तारांकन योजिले. १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत 'ग्लॉब' नावाचा प्रोग्राम होता. 'ग्लोबल' या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. येथे तारांकनाचा अर्थ 'कोणतीही अक्षरे, कितीही' असा झाला. चिन्ह एकच, अर्थ दोन. यामुळे होणारी गल्लत अद्याप संपलेली नाही. सोलरच्या स्कीमाने युनिक्सचा अर्थ स्वीकारला.

सोलर व कॉपीफील्ड :
डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ल्युसीन हे शोध-ग्रंथालय लिहिले. त्याच्या पायावर योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट या कंपनीत सोलरची उभारणी केली व २००६ मध्ये ते अपाचे संस्थेकडे सुपूर्द झाले. सोलरमध्ये '*_टी' असा आकृतिबंध दिल्यास त्या प्रत्ययाने संपणारे सर्व रकाने एका ओळीत नकलले जातात. लक्ष्याच्या नावात तारांकन हवे असेल तर ते स्रोतातही असावे लागते. अनेक रकाने एकत्र येणार असल्यास लक्ष्य-रकाना बहुमूल्य ठेवावा लागतो. नकलेची पुन्हा नक्कल मात्र होत नाही.

या सोयीची किंमतही आहे. नुसते तारांकन स्रोत म्हणून दिले, तर ग्रंथपालाचा अंतर्गत शेराही वाचकाच्या शोधात सापडू लागतो. मराठीपुरता प्रश्न अधिक गंभीर आहे. नक्कल होते ती विश्लेषणापूर्वीच्या मूळ मजकुराची, आणि विश्लेषण ठरते लक्ष्य-रकान्याच्या प्रकारानुसार. मराठी व इंग्रजी शीर्षके एकाच रकान्यात ओतल्यास दोहोंना एकच नियम लागतो. तो इंग्रजी प्रत्ययांपुरता असेल तर 'घर' शोधणाऱ्यास 'घरात', 'घराला' असलेले ग्रंथ मिळत नाहीत. ल्युसीनमध्ये हिंदी विश्लेषक २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीत आला. परंतु हिंदीत विभक्तिप्रत्यय बहुधा सुटे लिहिले जातात, मराठीत ते शब्दाला जोडले जातात. तेव्हा हिंदीचे नियम मराठीस पुरेसे ठरत नाहीत. '*_एमआर' अशा नावांचे रकाने स्वतंत्र लक्ष्याकडे वळविणे हा साधा मार्ग होय. तो आरंभीच निवडणे इष्ट. कारण नक्कल अनुक्रमणाच्या वेळी होते आणि स्कीमातील ओळ नंतर बदलली तरी जुन्या नोंदी पुन्हा अनुक्रमित केल्याशिवाय बदलत नाहीत.