विद्यार्थिनिर्मित ध्वनिमुद्रण (वाचनशिक्षणातील)

प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांत वाचन शिकवताना मुलांनी स्वतःच्या आवाजात केलेली ध्वनिमुद्रणे साधन म्हणून वापरण्याची पद्धत. शिक्षकाने वाचून दिलेली ध्वनिफीत किंवा विकत मिळणारे बोलके पुस्तक यांचा यात समावेश होत नाही. येथे वाचणारे, ऐकणारे आणि चूक हेरणारे मूलच असते. मनासारखे मुद्रण होईपर्यंत मूल तोच उतारा आपणहून पुन्हापुन्हा वाचते; हे पुनर्वाचन हाच पद्धतीचा गाभा होय.

पूर्वपीठिका : मुलांची निर्मिती हेच वाचनसाहित्य, हा विचार ध्वनिमुद्रणाहून जुना आहे. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1924 च्या सुमारास वर्गात छपाईयंत्र आणले. त्यांच्या चळवळीतील शाळांनी पुढे आपसातल्या पत्रव्यवहारात ध्वनिफितींचाही वापर केला. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांच्या तोंडच्या शब्दांवरून वाचन शिकवले. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक 1963 मध्ये आले. त्याच वर्षी फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रणयंत्र वर्गाच्या आवाक्यात आले.

सैद्धांतिक आधार : डेव्हिड लाबर्ज व एस. जे सॅम्युएल्स यांनी 1974 मध्ये मांडले, की वाचकाचे अवधान मर्यादित असते. अक्षरे ओळखण्यातच ते खर्ची पडले तर अर्थासाठी उरत नाही. सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये पुनर्वाचनाची पद्धत सांगितली : 50 ते 200 शब्दांचा उतारा मिनिटाला 85 शब्दांचा वेग येईपर्यंत वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. कॅरल चॉम्स्की यांनी 1976 मध्ये तिसरीतील पाच मुलांविषयी लिहिले. या मुलांना अक्षरओळख होती, पण वाचन अडखळत होते. मुद्रित गोष्टी ऐकत, पुस्तकावर नजर ठेवून पुन्हापुन्हा वाचल्यावर ती ओघवती वाचू लागली. त्या फिती मोठ्यांच्या आवाजातल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने 2000 च्या अहवालात मार्गदर्शनाखालील प्रकट पुनर्वाचनाला अनुकूल कौल दिला. तो पुनर्वाचनाविषयी आहे. मुलांच्या स्वतःच्या मुद्रणाला तो जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही.

प्रकार : (1) परिचित उताऱ्याचे ओघवते वाचन, (2) मुलाने सांगितलेली गोष्ट मुद्रित करून, ती लिहून काढून, वाचनपाठ म्हणून वापरणे, (3) खालच्या वर्गासाठी बोलके पुस्तक, (4) पात्रे वाटून केलेले नाट्यवाचन, (5) प्रगतीची नोंद.

कार्यपद्धती : दुसरीच्या वर्गात दोन मुलांमागे एक मोबाईल पुरतो. साठ-सत्तर शब्दांचा उतारा आधी शिक्षक वाचून दाखवतात, मग जोड्या सराव करतात. एक मूल वाचते, दुसरे ओळीखाली बोट ठेवून ऐकते. त्यानंतर मुद्रण आणि लगेच श्रवण. हा क्षण निर्णायक असतो. ‘आजीने अंगणात धान्य वाळत घातले’ हे वाक्य वाचताना ‘अंग’ म्हणून थांबलेले आणि ‘णात’ वेगळे जोडलेले मूल वाचनाच्या भरात तो खंड टिपू शकत नाही. सारे लक्ष पुढच्या अक्षराकडे असते. स्वतःचा आवाज ऐकताना मात्र तो त्याला खटकतो. ‘परत करू’ हे शब्द मुलाच्या तोंडून आले, की शिक्षकाने मध्ये पडू नये. शिक्षकाच्या लाल खुणेने जे होत नाही ते येथे होते : दुरुस्तीची गरज मुलालाच पटलेली असते. एका बैठकीत तीनहून अधिक मुद्रणे घेऊ नयेत. पुढे उतारा पाठ होतो आणि नजर अक्षरांवरून सुटते. हे तपासायला त्यातलीच वाक्ये क्रम बदलून वाचायला द्यावीत. पत्र्याच्या छपराच्या शाळेत पावसाळ्यात मुद्रण जमत नाही. एरवी व्हरांड्याचा कोपरा चालतो.

मराठीसंदर्भात : वर वेगाचा जो आकडा आला तो इंग्रजीचा आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि मिनिटाला शब्द मोजण्याचे माप सरळ लागू पडत नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट आहे. मराठी मुद्रणांत वेगापेक्षा पुढील गोष्टी ऐकाव्यात : जोडाक्षरापाशी होणारा थांबा, गिळलेला अनुस्वार, आणि च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिपीत एकच आहे. तो वेगळा उच्चारायचा हे मुलाला बोलण्यातून ठाऊक असते. वाचताना दोन्हीकडे सारखाच च आला, तर मूल अक्षर वाचते आहे, शब्द नव्हे, असे समजावे.

बोली : घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने ‘पाणी’ वाचताना तसेच उच्चारले तर दुरुस्त करावे का, याविषयी शिक्षकांत एकमत नाही. अर्थ अचूक लागलेला असताना ती वाचनाची चूक मोजू नये, असा एक पक्ष आहे.

मूल्यमापन : एकाच मुलाची जून, ऑक्टोबर व मार्चमधील मुद्रणे शेजारीशेजारी ऐकली, की प्रगती पालकांनाही कळते, निरक्षर पालकाला प्रगतिपुस्तकापेक्षा हा पुरावा अधिक कळतो. 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात प्रकट वाचनाचीच चाचणी असते, पण तेथे मूल एकदाच वाचते.

यंत्रश्रवण : गूगलचे ‘बोलो’ हे ॲप 2019 मध्ये भारतात आले, पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने ते मराठीतही मिळू लागले. त्यात चूक यंत्र दाखवते, त्यामुळे स्वतः ऐकून ठरवण्याचा अभ्यास घडत नाही.

गोपनीयता : 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे.

मर्यादा : अक्षरओळख नसलेल्या मुलाला या पद्धतीचा उपयोग नाही, त्याला आधी अक्षरे आणि ध्वनी यांचे पद्धतशीर शिक्षण हवे. लाजाळू मुलाचे मुद्रण वर्गात त्याच्या परवानगीशिवाय वाजवू नये. पटसंख्या चाळीसच्या पुढे असेल तर प्रत्येक मुद्रण ऐकणे शिक्षकाला शक्य होत नाही. अशा वर्गात जोडीदाराचे श्रवण हाच आधार राहतो, म्हणून काय ऐकायचे हे मुलांना आधी शिकवावे लागते. ते न शिकवता नुसता मोबाईल हाती दिला तर मुद्रणे साठतात, वाचन सुधारत नाही.